वऱ्हाड कुठलं? सर्जेराव आचाऱ्याची घरखरेदी

आधी पुसावे, मागाहून वाढावे ।
जेवणाऱ्याचे मुख, डोळे भरुनि पाहावे ॥

मंडळी, ऐका! हे कुणा संताचं वचन नाही बरं का. उगाच कुणी लिहून घेऊ नका! ही माझ्या आईची ओवी. पंगतीत आम्ही पोरी वाढायला निघालो की मागून म्हणायची. पण आज निरूपणाला मी हीच घेतली आहे. आईची आहे म्हणून नाही, खरी आहे म्हणून!

तर प्रश्न असा आहे. नीट कान द्या — दाजी, मृदंगावरचा हात जरा थांबवा — दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं, तर पहिलं काम कुठलं? देणं? का विचारणं?

"देणं!" — बघा, पुढच्या रांगेनं कसं पटकन सांगितलं! अहो, देणं सगळ्यांना आवडतं. देणाऱ्याचा हात वर असतो ना! विचारणाऱ्याला मात्र वाकावं लागतं, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं, आणि वर त्याचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं. कोण करतो एवढे कष्ट?

आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. एका आचाऱ्याचं आहे, एका एजंटाचं आहे, आणि आचाऱ्यानं भाड्यानं द्यायला घेतलेल्या घराचं! हसा, हसा! "ताई, कीर्तनात एजंट कुठून आला?" येणार! जिथं घर तिथं एजंट येणारच! आणि काही जाणकारांना वाटलं असेल, आता ही म्हणणार, बाबांनो, हा देह म्हणजेच भाड्याचं घर! नाही म्हणणार! ते ऐकून तुमचे कान किटले आणि सांगून माझं तोंड. आजचं घर विटांचं. घरपट्टी भरावी लागते, असलं!

हां. तर कराडला एक आचारी होता. सर्जेराव घोलप त्याचं नाव. सगळे तात्या म्हणायचे. लग्न, बारसं, जावळ, तेरावा — मोठी पंगत म्हटली की तात्या! अंगानं भरलेला, आवाज मोठा, राग नाकावर. पण हाताला चव अशी, की रुसलेला जावई सुद्धा दुसऱ्यांदा मसालेभात मागून घ्यायचा आणि मग आठवायचं त्याला, अरे, आपण रुसलोय!

आणि त्याची बायको अनसूया. अनसाबाई. हा भट्टीपुढं, ती पुऱ्या लाटायला. सगळा संसार दोघांनी असाच केला, लोकांच्या मांडवात. लोकांची लग्नं लावता लावता स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस एकदाही आठवला नाही! कसा आठवणार? त्याच दिवशी दाट तिथी!

तात्याची एक रीत होती, ती आधी सांगते. कुणी सुपारी घेऊन आलं, "तात्या, अमुक तारखेला लग्न आहे," की तात्याचा पहिला सवाल — "वऱ्हाड कुठलं?" मुलीकडच्यांनी पदार्थांची यादी पुढं केली तरी बघायचा नाही. वऱ्हाड कुठलं? सांगलीकडचं असेल तर तिखटाला हात सैल. कोकणातलं असेल तर नारळ वाढवा. सोलापूरचं असेल तर शेंगदाण्याचं कूट. आणि पुण्याचं असेल तर? भाजीत गूळ टाका, आणि सूचना ऐकायला एक माणूस वेगळा नेमा!

एवढ्यावर भागायचं नाही हो! तात्या स्वतः साखरपुड्याला जाऊन मागच्या बाजूला उभा राहायचा. कशासाठी? उष्टी ताटं बघायला! कुणी काय पुन्हा मागितलं, ते सगळ्यांनाच दिसतं. तात्या बघायचा ताटात काय उरलं ते. म्हणायचा, "माणूस तोंडानं 'छान झालंय' म्हणतंय. ताट खोटं बोलत न्हाई."

आणि गंमत बघा, तात्याला स्वतःला तिखट चालायचंच नाही! स्वतःचं जेवण म्हणजे मऊ भात, वरण, वर तूप. पण लोकांसाठी रस्सा असा करायचा, की खाणाऱ्याच्या टाळूला घाम! दुसऱ्याच्या जिभेनं चाखायचा तो. ही विद्या साधी नाही, मंडळी!

पण झालं काय? जन्मभर भट्टीपुढं उभं राहून गुडघे गेले. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की कळवळायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "तात्या, अजून एक लग्नसराई भट्टीपुढं उभे राहिलात, तर नंतर खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतील."

आता? आचाऱ्याला पेन्शन असते का? मुलगी पुण्याला, गुणाची. फोन केला की म्हणायची, "या की इकडं." पण तिचं घर एवढंसं, त्यात सासूबाई. तात्या म्हणाला, "लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून जाईन. मुक्कामाला न्हाई." मग दोघांनी ठरवलं, साठवलेलं सगळं एक करायचं, भांडी विकायची, आणि एक घर घ्यायचं. राहायला नव्हे, राहायला होतं त्यांना लहानसं. भाड्यानं द्यायला! महिन्याला भाडं यावं, आणि त्यावर दोघांची चूल पेटावी.

भांडी न्यायला टेंपो आला. मोठ्या कढया, परातीएवढे झारे, शंभर माणसांचं पातेलं. तात्या तोंड फिरवून उभा. अनसाबाईनं काय करावं? टेंपोत चढवायच्या आधी एकेक कढई पदरानं पुसली! विकायची कढई पुसायची कशाला? अहो, पोर सासरी निघाली की तिचं तोंड पुसतोच ना आपण!

तर पैसा असा आलेला. दुसरा येणार नव्हता. घर चांगलं निघालं तर म्हातारपण सुखाचं. घर रिकामं राहिलं, तर तेच गुडघे घेऊन पुन्हा भट्टी! एवढा सरळ हिशेब होता.

आणि मग आला — संपत एजंट! पांढरा शर्ट, काळा चष्मा, दोन मोबाइल. वाईट माणूस नव्हता हो. फक्त त्याला सगळीच घरं आवडायची!

संपतनं पहिल्यांदा नेलं हमरस्त्याच्या कडेला, गावापासून लांब. नवी इमारत. सातव्या मजल्यावर गॅलरीत उभं केलं आणि समोरच्या माळाकडं हात केला. "तात्या, उद्या हितं काय होईल बघा! मॉल येणार, कंपनी येणार!"

तात्यानं माळ बघितला. तिथं एक म्हैस चरत होती.

"उद्या येणार व्हय? मग भाडं आज कोण देणार? म्हैस?"

बरोबर बोलला का नाही? पुढं काय होणार यावर श्रीमंतानं पैसा लावावा. ज्याची चूल आजच्या भाड्यावर पेटायची आहे, त्यानं आज तिथं कोण राहतंय ते बघावं. आणि अजून एक शहाणपण केलं तात्यानं. संपत भाड्याचा आकडा सांगायचा, त्याला बारानं गुणायचा आणि म्हणायचा, "बघा, वर्षाचं एवढं!" तात्या म्हणाला, "शंभर लाडवांच्या पिठात कधी शंभर लाडू होत न्हाईत बाबा. चार फुटत्यात, दोन पोरं पळवत्यात." मग वर्षाचे दोन महिने घर रिकामं धरायचा, रंगरंगोटी धरायची, घरपट्टी धरायची, आणि उरेल ते भाडं मानायचा. तुम्हाला काय वाटलं? आचारी झाला म्हणून गणित कच्चं? अहो, पाचशे पानांना मीठ किती, याचा हिशेब चुकला तर पाचशे माणसं ओरडतात!

दुसऱ्यांदा दुकानाचे गाळे दाखवले. तात्यानं बघितलं, शेजारच्या सगळ्या शटरांना गंज. आल्या पावली परत.

एवढा हुशार माणूस! मग फसला कुठं?

ऐका. तिसरं घर जुन्या पेठेतल्या एका शांत गल्लीत. टुमदार. मालक निवृत्त, मुलाकडं निघालेले. पुढं ओसरी, मधे एक खोली, आणि मागं — मागं काय? स्वयंपाकघर! अहाहा! तात्या उंबऱ्यातच थांबला. पूर्वेची खिडकी. लांबलचक ओटा, कडाप्प्याचा. धूर जायला वर धुराडं. डब्यांना फळ्या. चार बायका पोळपाट घेऊन लाटायला बसतील एवढी मोकळी जागा! तात्यानं ओट्यावरून हात फिरवला. जन्मभर लोकांच्या मांडवात, वाऱ्यात, धुळीत स्वयंपाक केलेला माणूस तो. असं स्वयंपाकघर त्याला कधी मिळालं नव्हतं. डोळे भरून आले त्याचे! नुसते भरले नाहीत, एक थेंब ओट्यावर पडला. तो त्यानं बाहीनं पुसला.

"संपत," म्हणाला, "हेच."

"तात्या, भाडेकरू —"

"असल्या स्वयंपाकघराला भाडेकरू मिळणार न्हाई? रांग लागंल रांग!"

अनसाबाई मागं उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण तात्यानं बयाणा देऊन सुद्धा टाकला! महिनाभरात खरेदीखत करायचं, न केल्यास बयाणा बुडाला, असं ठरलं. तिचं तोंड उघडलं होतं तसं मिटलं.

मायबाप हो, कळली का चूक? नाही कळली? बघा, पुढं येईल.

दोन-चार दिवसांनी संपत म्हणाला, "तात्या, खरेदी होईपर्यंत एकदोन गिऱ्हाइकं दाखवून ठेवू, म्हणजे पहिल्या दिवसापासनं भाडं." तात्या खूश! मालकांनीही घर दाखवायला हो म्हटलं. पहिलं जोडपं आलं. दोघंही नोकरीला. तात्यानं त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं, देवदर्शनाला न्यावं तसं! पोरगी म्हणाली, "काका, छान आहे, पण आम्हाला डबा येतो. झोपायची खोली एकच का?" गेले.

दुसरं कुटुंब आलं. "शाळा लांब पडते." गेलं.

मग आले तीन पोरगे, कॉलेजचे. सगळं घर फिरले. तात्या म्हणाला, "स्वयंपाकघर बघितलं का?" त्यातला एक म्हणाला, "हो काका, मस्त आहे." तात्याचा चेहरा फुलला! मग तो पोरगा म्हणाला, "यात तीन गाड्या बसतील ना?"

हसू नका हो! त्या माणसाच्या काळजाचं काय झालं असेल? त्या ओट्याशेजारी मोटरसायकल!

संध्याकाळी तात्या ताटावर बसला. अनसाबाईनं भात वाढला, वरण घातलं, तूप घातलं. तात्यानं घास घेतला आणि चिडचिड केली, "आजकालच्या लोकांना घरातलं काय कळत न्हाई. चव न्हाई कुणाला!"

अनसाबाईनं तुपाची वाटी पुन्हा पुढं केली. आणि म्हणाली — मंडळी, हे वाक्य ऐका — ती म्हणाली, "आवं, एक विचारू? हे वऱ्हाड कुठलं?"

"कसलं वऱ्हाड?"

"त्या घरात जे राहायला येणार, ते. ते कुठलं, काय खातंय, कधी उठतंय, कधी निजतंय, विचारलंत कुणाला? जलमभर दुसऱ्याच्या जिभेनं चाखलंत तुम्ही. कुणाच्या पंगतीत आपला वरणभात न्हाई वाढला. आणि आज जलमाची पुंजी घातली, तवा मातूर स्वतःचीच जीभ बाहेर काढलीत?"

तात्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"ते स्वयंपाकघर भाडेकरूसाठी न्हाई घेतलंत तुम्ही. तुमच्यासाठी घेतलंत."

बरं, ती रागानं नाही बोलली. तूप वाढत वाढत बोलली. म्हणून तर जास्त लागलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या उठला, गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि म्हणाला, "अनसे, चल. उष्टी ताटं बघायला."

म्हणजे काय केलं? गावभर फिरला! रिक्षानं, चालत, बसत, उठत. जिथं जिथं "भाड्याने देणे आहे" अशी पाटी, तिथं थांबायचं. पाटी नवी आहे का उन्हानं फिकी पडलीय? फिकी पाटी म्हणजे पानात उरलेला पदार्थ! शेजारच्या दुकानात विचारायचं, का हो, का उरलंय हे? कुठं पाणी नाही, कुठं मालक रोज डोकावतो, कुठं अंधार. आणि जिथं पाटी लागतच नाही, एक भाडेकरू उतरला की दुसरा चढतो, तिथं काय आहे? असं बघत बघत दोघं पोचले मोठ्या दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला. तिथं सगळ्या रस्त्याला एकही पाटी नव्हती!

दुपारची वेळ. दवाखान्याची पाळी सुटली आणि नर्स पोरींचा घोळका चहाच्या गाड्यावर आला. तात्या पुढं निघाला विचारायला. अनसाबाईनं सदरा धरून मागं ओढला. "तुम्ही थांबा! म्हातारा पोरींना 'कुठं राहता' विचारायला लागला, तर आजच खाटेवर जाल!"

ती स्वतः गेली. बसली बाकड्यावर. "काय गं बायांनो, दमलात?" बास! एवढंच विचारलं. आणि पोरी बोलायला लागल्या. प्रणिता नावाची एक होती, लांबून नोकरीला आलेली. ती म्हणाली, "मावशी, आमच्या रूमवर पाणी सकाळी सहाला येतं आणि सातला जातं. माझी त्या वेळेला ड्युटी. परत येते तर नळ कोरडा. दिवसभर पेशंटचं सगळं करून यायचं, आणि अंघोळीला बादलीभर पाणी नाही."

दुसरी म्हणाली, "आणि कपडे वाळत घालायला गच्चीच नाही. सगळं रस्त्यावरून दिसतं."

तिसरी जवळ सरकली. ती हळूच म्हणाली, "मावशी, पाण्याचं चालवून घेऊ. पण मालकीणबाई रोज दारात उभ्या. 'आज का उशीर? काल कोण सोडायला आलं होतं?' अहो, पेशंट अत्यवस्थ असला तर टाकून यायचं का?"

अनसाबाईनं विचारलं, "आणि स्वयंपाकघर कसं पाहिजे गं?"

पोरी एकमेकींकडं बघून हसल्या. "मावशी, चहापुरता ओटा झाला तरी खूप!"

चहापुरता ओटा! पलीकडं तात्या बशीतला चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

मग संपतला बोलावलं. "हितं, ह्या रस्त्याला काय हाय?" संपत म्हणाला, "एकच आहे तात्या, पण ते तुम्हाला दाखवायलाच लाज वाटते."

खरंच लाज वाटावी असं घर! आधी तिथं लाँड्री होती. भिंतींना पोपटी रंग, तोही पापुद्रे सुटलेला. एका ओळीत तीन खोल्या, प्रत्येकीला वेगळं दार, आत चहापुरता ओटा. पण वर काय? लाँड्रीची ती भलीमोठी पाण्याची टाकी! आणि कपडे वाळवायची गच्ची, पुरुषभर उंच भिंतीची! पाच मिनिटं चालत दवाखाना. आणि किंमत त्या पेठेतल्या घरापेक्षा कमी.

तात्या आत जाऊन आला. तोंड कडू. "अनसे, हितं पोळी लाटायला बसायचं कुठं?"

"तुम्हाला बसायचं हाय का हितं?"

"न्हाई."

"मग?"

पण मंडळी, आता खरी परीक्षा! बयाण्याचं काय? हे घर घ्यायचं तर ते सोडायचं, आणि ते सोडलं तर बयाणा बुडाला. तात्या पेठेतल्या मालकांकडं गेला. हात जोडले. मालक भला माणूस, चहा दिला, बसवलं. पण म्हणाले, "तात्या, तुमच्यासाठी मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बयाणा हा बयाणा असतो."

आता मी तुम्हाला सांगितलं असतं, की रात्री मालकांच्या स्वप्नात देव आला आणि सकाळी त्यांनी बयाणा परत दिला, तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं! टाळ्या सुद्धा वाजवल्या असत्या. पण देवाला मधे घालून खोटं कशाला सांगू? नाही दिला परत! बुडाला!

निघताना तात्या एकदा मागं गेला. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. मन म्हणत होतं, घे. पैसा दिलाय, जीव जडलाय, मिळेल कुणीतरी भाडेकरू! आणि गुडघे म्हणत होते, नाही मिळाला तर? मंडळी, चूक कळणं सोपं असतं हो. चुकीवर पैसे घातल्यावर ती सोडणं, तिथं माणसाची कसोटी! आपण नाही का, कडू भोपळ्याची भाजी चढवलीच आहे म्हणून वर तेल घालतो, मसाला घालतो, गूळ घालतो! अरे, ओतून दे की! तात्या आचारी होता. नासलेलं दूध आटवून बासुंदी होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ओट्यावर एकदा हात ठेवला, आणि निघाला.

लाँड्रीचं घर घेतलं. बुडालेला बयाणा महाग पडला, पण किंमत कमी होती म्हणून निभावलं. तात्यानं भिंती खरवडून पांढऱ्या केल्या. दारांना आतून भक्कम कड्या. फाटकावर मोठा दिवा, रस्ता पार वळणापर्यंत उजळेल असा. आणि किल्ल्या पोरींच्याच हातात. पाटी लावायची वेळच आली नाही. प्रणिता आणि तिच्या मैत्रिणींनी तिन्ही खोल्या भरल्या, आणि एक उरलेली म्हणाली, "काका, जिन्याखाली जागा असली तरी सांगा!"

पहिल्या दिवशी तात्या मालक म्हणून फाटकात उभा राहिला. छाती काढून. पोरी सामान घेऊन आल्या. तात्यानं घसा खाकरला, "हां, तर रातच्याला दार किती वाजता —" आणि एकदम, "आई गं!" अनसाबाईनं दंडाला असा चिमटा काढला! तात्या लगेच म्हणाला, "— किती वाजता का असंना, दिवा चालू असंल!"

बघा, किती शिकला! एका चिमट्यात!

पुढं लग्नसराई आली. दाट तिथी. गावात चारी बाजूंनी बँड, हलग्या, मांडव. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तात्या त्या दिवसांत घरी! खुर्चीत बसलेला, गुडघ्यांना तेल चोळलेलं. प्रणिता दुपारी येऊन तिन्ही खोल्यांचं भाडं देऊन गेली. तात्यानं ते देवापुढं ठेवलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसला. भट्टीपुढं उभं न राहता आलेले पैसे! लहान पोरासारखा हसला तो.

अनसाबाई खाली बसून कोथिंबीर निवडत होती. तात्यानं तिच्याकडं बघितलं. आणि माय माउली, काय वाटलं असेल त्याला! एकामागून एक आठवायला लागलं. सांगलीचं वऱ्हाड, त्यांना काय आवडायचं, ते पाठ. कोकणचं वऱ्हाड, पाठ. नर्स पोरींना काय पाहिजे, ते सुद्धा आता पाठ. आणि ही? मांडीला मांडी लावून जन्मभर पुऱ्या लाटणारी ही? हिला काय आवडतं? तिखट? गोड? चार जागा बघितल्या, चारही वेळा ही बरोबर होती. एकदा तरी विचारलं, तुला कसं वाटलं?

"अनसे," तात्या म्हणाला. त्याचा तो मांडवभर घुमणारा आवाज, एवढासा झाला. "अनसे, तुला काय पाहिजे?"

अनसाबाईनं मान वर केली. आणि मागं वळून बघितलं! मागं कुणी उभं आहे का ते!

"मला?"

"तुलाच. खायला म्हण, ल्यायला म्हण, कुठं जायचं म्हण. तुला काय पाहिजे?"

मंडळी, तिच्या हातातली काडी तशीच राहिली. ओठ हलले. काही बोलेना. ती रुसली नव्हती हो! तिला उत्तरच सापडेना! जन्मभर कुणी विचारलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून हसून ती म्हणाली, "थांबा जरा. आठवावं लागंल."

आणि तात्या थांबला. ज्याला तेल तापेपर्यंत धीर नसायचा, तो माणूस हात गुडघ्यावर ठेवून, तिच्या तोंडाकडं बघत, थांबला.

आख्यान संपलं. आता तुमची पाळी! मी बाई आहे म्हणून बायकांची बाजू घेते, असं म्हणू नका. तिकडं डावीकडं बसलेल्या आयाबहिणींनो, तुम्ही तरी विचारता का? पोराला सायन्सला घातलंत, विचारलंत? सासूबाईंना रोज कडक भाकरी वाढता, दात आहेत का ते बघितलंत? आणि आपण सगळे! देवाला रोज पेढा. देवाच्या जिवाला कधीतरी ज्वारीची भाकरी खावी वाटत असेल, कुणी पुसलं त्याला? आपण देतो. दणादण देतो. आणि दिलं म्हणून वर मान काढून फिरतो!

तुम्हाला घर घ्यायचं तर जरूर घ्या. भाड्यानं द्या, चार पैसे मिळवा, त्यात पाप नाही. दुसऱ्याची गरज ओळखून मिळवलेला पैसा तात्याच्या तुपासारखा असतो, बाधत नाही. पण घराचं पुढं बघू. त्याला पुंजी लागते, एजंट लागतो, खरेदीखत लागतं. विचारायला काय लागतं?

प्रसाद घ्या. चपला आपापल्याच घाला. आणि घरी गेल्यावर, पुढच्या रांगेतले सगळे, तुमच्यासाठी ताट झाकून जे माणूस जागं बसलं असेल ना, त्याच्यापुढं बसा आणि विचारा, "तुला काय पाहिजे?" ते माणूस आधी मागं वळून बघेल. बघू द्या. उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नका, "बरं, राहू दे" म्हणून उठू नका.

थांबा. तिला आठवू द्या.